विकासाधीन वेब-ॲप्लिकेशनचा पहारा कोठे बसवावा? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

तयार होत असलेले वेब-ॲप्लिकेशन ठरावीक माणसांनाच दिसावे आणि इतरांना दिसू नये, यासाठी काय करावे, असे विचारणारी बरीच पत्रे या वेळी आली आहेत. त्यांतील पाच प्रश्न निवडून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहोत. पत्रलेखकांचे व त्यांच्या संस्थांचे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आम्ही तिघे मिळून एक वेब-ॲप्लिकेशन तयार करीत आहोत. त्याची चाचणी-आवृत्ती 'स्टेजिंग' या सबडोमेनवर ठेवली आहे. तिचा दुवा कोठेही दिलेला नाही आणि शोधयंत्रांनी ती पाहू नये म्हणून रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये सर्व मार्गांना मनाई केली आहे. तरीही सर्व्हरच्या लॉगमध्ये अनोळखी ठिकाणांहून आलेल्या विनंत्यांची रीघ दिसते आणि एका शोधयंत्राच्या निकालांतही आमचा पत्ता झळकला. पत्ता बाहेर गेला कसा, आणि आता काय करावे?

उत्तर : तो बाहेर जाण्यासाठी आपल्यापैकी कोणी फोडावाच लागतो असे नाही. सबडोमेनसाठी आपण एचटीटीपीएसचे प्रमाणपत्र घेतले असेल, तर बहुधा त्याच वेळी ते नाव जगजाहीर झाले. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आपण दिलेल्या प्रमाणपत्रांची नोंद 'सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जाहीर नोंदवह्यांत करतात. ही पद्धत २०१३ मध्ये इंटरनेटच्या तांत्रिक संकेतांच्या मालिकेतील आरएफसी ६९६२ या दस्तऐवजात मांडली गेली आणि एप्रिल २०१८ नंतर दिलेले प्रमाणपत्र या नोंदवह्यांत नसेल, तर क्रोम ब्राउझर ते ग्राह्य धरत नाही. खोटी प्रमाणपत्रे उघडकीस यावीत हा त्यामागील हेतू रास्तच आहे. परंतु त्या नोंदवह्या कोणालाही वाचता येतात आणि नव्या नावांची वाट पाहत बसलेले प्रोग्राम त्या अखंड वाचत असतात. सबडोमेनचे नाव उघड होऊ नये म्हणून सर्व सबडोमेनना एकत्र लागू होणारे वाइल्डकार्ड प्रमाणपत्र घेता येते, आणि लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था मार्च २०१८ पासून ते विनामूल्य देते, मात्र त्यासाठी डोमेनवरील ताबा डीएनएसमधील (नावांच्या व आयपी पत्त्यांच्या नोंदणीतील) नोंदीद्वारे सिद्ध करावा लागतो. एवढे करूनही फारसे साधत नाही, कारण नाव ठाऊक नसले तरी आयपी पत्ता शोधता येतोच. मिशिगन विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ मध्ये झेडमॅप हे साधन प्रसिद्ध केले, तेव्हा एका साध्या सर्व्हरवरून आणि एक गिगाबिटच्या जोडणीवरून आयपीव्ही४ चे संपूर्ण क्षेत्र ४५ मिनिटांच्या आत तपासून होते असे त्यांनी दाखवून दिले. 'आमचा पत्ता कोणाला माहीत नाही' हा आधार तेव्हाच संपला होता.

रोबोट्स फाइलकडून आपण जी अपेक्षा केलीत, ती तिच्याकडून पूर्वीही कधी केली जात नव्हती. हा संकेत १९९४ मध्ये मार्टाइन कोस्टर यांनी सुचवला, तो सभ्य शोधयंत्रांना केलेली विनंती म्हणून. २०२२ मध्ये त्याला आरएफसी ९३०९ हे औपचारिक रूप मिळाले, तेव्हा हे नियम म्हणजे प्रवेशाचा अधिकार ठरविण्याचे साधन नव्हे, असे त्या दस्तऐवजातच स्पष्ट लिहिले गेले. उलट, या फाइलमध्ये एखाद्या गुप्त मार्गाचा उल्लेख केला, तर तो शोधणाऱ्याला आयताच मिळतो. दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. पान वाचण्यासच मनाई असल्यामुळे शोधयंत्राला त्या पानावरील 'नोइंडेक्स' (निकालांत दाखवू नये) ही सूचना दिसत नाही. आणि इतर कोठून तरी त्या पत्त्याचा दुवा सापडला, तर मजकूर न वाचताही ते नुसता पत्ता निकालांत दाखवू शकते. आपल्या बाबतीत बहुधा हेच घडले असावे.

उपाय एकच आहे, आणि तो म्हणजे ओळख पटल्याशिवाय सर्व्हरने काहीही न देणे. ही तपासणी कोठे करावी याबाबत माझे मत ठाम आहे : ती ॲप्लिकेशनच्या आत नव्हे, तर त्याच्या पुढे, म्हणजे एनजिनएक्स किंवा अपाची यांसारख्या वेब-सर्व्हरवर अथवा रिव्हर्स प्रॉक्सीवर, म्हणजे विनंत्या आधी स्वतः घेऊन मग ॲप्लिकेशनकडे पाठवणाऱ्या सर्व्हरवर, करावी. जे ॲप्लिकेशन अजून पुरे झालेले नाही, त्यातील लॉगिनचा भागही अपुराच असणार, आणि ज्याची चाचणी व्हायची आहे त्यालाच राखणीला बसविणे शहाणपणाचे नाही. शिवाय चित्रे, स्क्रिप्ट, सोर्स मॅप (मूळ कोड दाखवणाऱ्या फाइली), चुकून राहिलेले, कोडचा इतिहास असलेले डॉट गिट फोल्डर किंवा पासवर्ड असलेली डॉट ईएनव्ही फाइल या गोष्टी बऱ्याचदा वेब-सर्व्हर परस्पर पुरवतो आणि विनंती ॲप्लिकेशनच्या कोडपर्यंत पोहोचतच नाही. त्रुटींचा आतील तपशील पानावर दाखवणाऱ्या डीबग अवस्थेचा धोका तर वेगळाच. जँगो या वेब-फ्रेमवर्कचे अधिकृत मार्गदर्शन डीबग चालू ठेवून संकेतस्थळ सार्वजनिक करू नये असे निक्षून सांगते, आणि २०२१ मध्ये लाराव्हेल या दुसऱ्या फ्रेमवर्कच्या इग्निशन या त्रुटी-दर्शक घटकात सापडलेल्या दोषामुळे, डीबग चालू असलेल्या सर्व्हरवर लॉगिन न करताही परक्या माणसाला स्वतःचा कोड चालवता येत होता. पहारा ॲप्लिकेशनच्या पुढे असता, तर अशा दोषापर्यंत अनोळखी विनंती पोहोचलीच नसती.

तिघांच्या चमूसाठी एचटीटीपी बेसिक ऑथेंटिकेशन, म्हणजे ब्राउझरनेच चौकट उघडून नाव व पासवर्ड विचारण्याची पद्धत, पुरेसे आहे. ते जुने असले, तरी संपूर्ण सर्व्हरला दोन ओळींत लागू होते. त्यातील नाव व पासवर्ड बेस६४ या रूपात जातात, आणि ते कूटबद्धीकरण नसून केवळ लेखनाची एक पद्धत असल्यामुळे एचटीटीपीएसशिवाय ही पद्धत वापरू नये. पासवर्ड लांबलचक आणि यादृच्छिक असावेत, प्रत्येकाला स्वतंत्र द्यावेत आणि त्यांची फाइल बीक्रिप्टने (मूळ पासवर्ड उलगडता येऊ नये अशा हॅश-पद्धतीने) तयार करावी. चुकीचे प्रयत्न मोजून दार बंद करण्याची सोय या पद्धतीत मुळातच नाही, म्हणून विनंत्यांच्या वेगावर सर्व्हरमध्ये मर्यादा घालावी. प्रमाणपत्राच्या नूतनीकरणासाठी लेट्स एन्क्रिप्ट ज्या मार्गावर तपासणी करते, तेवढा 'वेल-नोन'खालील ॲक्मे-चॅलेंज मार्ग पासवर्डातून वगळावा, अन्यथा काही आठवड्यांनी प्रमाणपत्र संपेल आणि त्याचे कारण लवकर लक्षात येणार नाही. रोबोट्स फाइलला मात्र सूट देऊ नये. तिच्या जागीही ४०१ ('आधी ओळख पटवा') हे उत्तर मिळू लागले, की गूगलचे शोधयंत्र मनाई नाही असे समजून आत येऊ पाहते, प्रत्येक पानावर ४०१ अनुभवते आणि कालांतराने ते पत्ते निकालांतून गाळते.

एवढे झाले तरी ॲप्लिकेशन स्वतः ज्या पोर्टवर (सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) ऐकते तो पोर्ट बाहेरून उघडा नाही, याची खात्री करावी. ते १२७.०.०.१ या, त्याच यंत्रापुरत्या, पत्त्यावरच ऐकत असावे, ०.०.०.० वर, म्हणजे यंत्राच्या सर्व पत्त्यांवर, ऐकत असेल, तर पोर्टचा क्रमांक लिहून कोणीही प्रॉक्सीला वळसा घालून आत येईल. ॲप्लिकेशन कंटेनरमध्ये चालवणारे डॉकर हे साधन वापरणाऱ्यांनी येथे अधिक सावध राहावे, कारण डॉकरने प्रसिद्ध केलेला पोर्ट उबंटूवरील यूएफडब्ल्यू या फायरवॉलच्या नियमांना जुमानत नाही. फायरवॉलच्या यादीत मनाई दिसते आणि पोर्ट मात्र उघडा असतो. म्हणून तपासणी नेहमी बाहेरून करावी : कार्यालयाच्या जाळ्यावर नसलेल्या मोबाइलवरून, नावाऐवजी थेट आयपी पत्ता लिहून, थेट पोर्टवर, आणि सर्व्हरला आयपीव्ही६ पत्ता असेल तर त्यावरूनही. यांपैकी एकाही वाटेने ॲप्लिकेशनचे पान दिसता कामा नये.

प्रश्न : आमच्या ग्राहकाने 'लवकरच येत आहे' असे पान पुढे ठेवून, त्यावर पासवर्ड टाकल्यावर आतील ॲप्लिकेशन दिसावे अशी सोय मागितली. आमच्या डेव्हलपरने ती जावास्क्रिप्टमध्ये केली. एवढे पुरे का?

उत्तर : नाही. ब्राउझरमध्ये चालणारी तपासणी ब्राउझर वापरणाऱ्याच्या हातात असते. पासवर्ड स्क्रिप्टमध्ये वाचता येतो. तो हॅश करून ठेवला तरी, ज्या अटीने पडदा बाजूला होतो ती अट डेव्हलपर टूल्समधून बदलता येते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पडद्यामागील एपीआय, म्हणजे पानाला माहिती पुरवणारा सर्व्हरचा भाग, उघडाच असतो आणि तो त्या पानाला न विचारताही उत्तरे देतो. पान हवे तसे राहू द्या, परंतु पासवर्डाची तपासणी सर्व्हरवर न्या.

प्रश्न : आमचे ॲप्लिकेशन एका पानाचे आहे, म्हणजे पान एकदा उघडले की पुढील सर्व व्यवहार एपीआयद्वारे चालतो. एनजिनएक्सवर बेसिक ऑथेंटिकेशन लावल्यापासून पासवर्डाची चौकट पुनःपुन्हा उघडते आणि आमच्या स्वतःच्या लॉगिननंतर तर काहीच चालत नाही. वैतागून आम्ही एपीआयच्या मार्गावरील पासवर्ड काढून टाकला. हे योग्य झाले का?

उत्तर : वैताग समजण्यासारखा आहे, पण उपाय उलटा झाला. पानाच्या सांगाड्याला पासवर्ड आणि माहितीला मोकळीक, अशी आता स्थिती आहे. जपायचे ते तर एपीआयच्याच मागे असते.

मूळ अडचण अशी आहे. एचटीटीपीच्या विनंतीत 'ऑथरायझेशन' हा हेडर (विनंतीसोबत जाणारी माहितीची ओळ) एकच असतो. प्रॉक्सीने मागितलेले बेसिकचे नाव व पासवर्ड ब्राउझर त्यात भरतो. आपले ॲप्लिकेशन लॉगिननंतर त्याच हेडरमध्ये स्वतःचे बेअरर टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, लिहिते, त्यामुळे पहिली माहिती पुसली जाते. प्रॉक्सीला ते टोकन अनोळखी वाटते, तो ४०१ देतो, आणि त्या उत्तरासोबत आलेल्या मागणीमुळे ब्राउझर पुन्हा चौकट उघडतो. दोन पहारेकरी एकाच खिशातील ओळखपत्र तपासू पाहत आहेत, असा हा प्रकार आहे. एपीआय वेगळ्या सबडोमेनवर असेल, तर आणखी एक गाठ पडते : ब्राउझर प्रत्यक्ष विनंतीपूर्वी 'ऑप्शन्स' प्रकारची जी पूर्वविनंती पाठवतो, तिच्यासोबत तो कोणतेही ओळखपत्र पाठवत नाही. पासवर्डाशिवाय आलेली ही पूर्वविनंती प्रॉक्सी नाकारतो आणि मूळ विनंती निघतच नाही.

यातून सुटण्याचे दोन चांगले मार्ग आहेत. पहारा कुकीवर हलवावा, हा पहिला. प्रॉक्सी एका छोट्या लॉगिन पानावर ओळख पटवून घेतो, एचटीटीपीओन्ली (स्क्रिप्टला न वाचता येणारी) आणि सिक्युअर (फक्त एचटीटीपीएसवर जाणारी) या गुणधर्मांची कुकी देतो आणि पुढे प्रत्येक विनंतीच्या वेळी तीच तपासतो. एनजिनएक्समध्ये 'ऑथ रिक्वेस्ट' या मॉड्यूलने हे करता येते आणि ओऑथ२-प्रॉक्सी हे मुक्तस्रोत साधन त्याच्या जोडीला वापरता येते. कुकीचा हेडर स्वतंत्र असल्यामुळे आपल्या बेअरर टोकनला धक्का लागत नाही. चाचणी-आवृत्तीत एपीआय त्याच डोमेनखाली एका मार्गावर ठेवला, तर पूर्वविनंतीचा प्रश्नही मिटतो. तसे शक्य नसेल, तर 'ऑप्शन्स' विनंतीला सूट द्यावी, परंतु तिचे उत्तर प्रॉक्सीनेच द्यावे, ती ॲप्लिकेशनपर्यंत जाऊ देऊ नये. दुसरा मार्ग म्हणजे एचटीटीपीला हातच न लावता जाळ्याच्या पातळीवर, म्हणजे व्हीपीएन (इंटरनेटवरून चालणारे खासगी जाळे) किंवा आयपी पत्त्यांच्या यादीने, प्रवेश रोखणे. त्याविषयी पुढील उत्तरात लिहिले आहे.

जाता जाता एक क्षुल्लक पण बुचकळ्यात टाकणारी गोष्ट. सर्व काही जुळल्यावरही ब्राउझरच्या कन्सोलमध्ये मॅनिफेस्ट (ॲपचे नाव, चिन्ह इत्यादी सांगणाऱ्या) फाइलसाठी ४०१ दिसत राहिले, तर घाबरू नये. ती फाइल ब्राउझर मुळातच ओळखपत्राशिवाय मागवतो; तिच्या दुव्यावर 'क्रॉसओरिजिन' हा गुणधर्म 'यूज-क्रेडेन्शियल्स' असा लिहिला, की तक्रार थांबते.

प्रश्न : चाचणी-सर्व्हर फक्त आमच्या कार्यालयाच्या आयपी पत्त्याला उघडा ठेवला होता. आता निम्मे सहकारी घरून काम करतात, त्यांचे पत्ते सारखे बदलतात, आणि ग्राहकालाही अधूनमधून काम पाहायचे असते. ग्राहक काहीही इन्स्टॉल करण्यास तयार नाही. रोज यादी बदलत बसणे हाच उपाय आहे का?

उत्तर : आयपी पत्ता हा माणसाची ओळख नसून जोडणीची ओळख आहे, आणि तीही आता सैल झाली आहे. अनेक सेवादाते शेकडो ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात. घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याचा पत्ता यादीत घातला, की त्याच्याबरोबर कित्येक परके लोकही आत येऊ शकतात. आणि सर्व्हर एखाद्या प्रॉक्सीच्या किंवा सीडीएनच्या (ठिकठिकाणच्या सर्व्हरांवरून पाने पुरवणाऱ्या सेवेच्या) मागे असेल, तर आपली यादी नेमका कोणाचा पत्ता तपासते हे आधी पाहावे. ती प्रॉक्सीचाच पत्ता पाहत असेल आणि तो यादीत असेल, तर सर्व जगाला मुभा मिळाली. उलट मूळ पत्ता सांगणाऱ्या 'एक्स-फॉरवर्डेड-फॉर' या हेडरवर डोळे झाकून विश्वास ठेवला, तर तो हेडर पाठवणारा त्यात हवा तो पत्ता लिहू शकतो. आपल्या ओळखीच्या प्रॉक्सीकडून आलेला असेल तेव्हाच तो मानावा, असे सर्व्हरला स्पष्ट सांगावे लागते.

सहकाऱ्यांसाठी व्हीपीएन उत्तम. वायरगार्ड हे व्हीपीएन मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ या कर्नेल-आवृत्तीत समाविष्ट झाल्यापासून त्याची उभारणी पूर्वीच्या मानाने बरीच सोपी झाली आहे. प्रत्येकाला स्वतंत्र किल्ली देता येते, आणि माणूस चमूतून गेला की त्याची किल्ली काढून टाकता येते. चाचणी-सर्व्हर व्हीपीएनच्या आतील पत्त्यावरच ऐकू लागला, की बाहेरच्यांच्या दृष्टीने तो अस्तित्वातच राहत नाही. एकदोघेच असाल, तर एसएसएचचा बोगदाही (सर्व्हरशी केलेली कूटबद्ध जोडणी) पुरतो.

ग्राहकाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो व्हीपीएनच्या आग्रहाने सुटणार नाही. ज्याला पंधरवड्यातून एकदा दहा मिनिटे पाहायचे आहे, त्याला व्हीपीएन बसवायला लावले, तर तो पडद्याची छायाचित्रे मागवेल किंवा आपलाच एखादा सहकारी गुपचूप दुसरा उघडा सर्व्हर उभा करेल. त्याच्यासाठी ओळख तपासणारा प्रॉक्सी वापरावा. क्लाउडफ्लेअर ॲक्सेस किंवा वर उल्लेखिलेले ओऑथ२-प्रॉक्सी यांच्या साहाय्याने, ग्राहकाने आपल्या नेहमीच्या ईमेल खात्याने लॉगिन केले की तो यादीत आहे किंवा नाही हे पाहिले जाते. त्याला नवा पासवर्ड लक्षात ठेवावा लागत नाही आणि इन्स्टॉल काहीच करावे लागत नाही. अशी सेवा बाहेरून घेतली असेल, तर मूळ सर्व्हरने फक्त त्या सेवेकडून आलेल्याच विनंत्या स्वीकाराव्यात, ही अट विसरू नये. अन्यथा पुढच्या दारी कडेकोट तपासणी आणि मूळ आयपी पत्त्यावर ॲप्लिकेशन उघडे, अशी विसंगती राहते.

लांब गुप्त सांकेतांक असलेला दुवा पाठवावा, असे काही जण सुचवतात. एखाद्या सादरीकरणापुरते ते चालेल, पण दुवा पुढे पाठवला जातो, ब्राउझरच्या इतिहासात राहतो, सर्व्हरच्या लॉगमध्ये उमटतो. तो एकदाच चालेल असा केला, तर संदेशवहनाच्या ॲपमधील पूर्वदर्शन-यंत्रणाच तो आधी उघडून वापरून टाकते आणि ग्राहकाला 'दुव्याची मुदत संपली' असे दिसते. दुवा द्यायचाच असेल, तर मुदतीचा द्यावा आणि तो उघडल्यावर एक बटण दाबल्यावरच कुकी मिळेल असे करावे.

आपल्या कार्यालयाचा पत्ता मात्र यादीत राहू द्यावा. एनजिनएक्समध्ये 'सॅटिस्फाय एनी' असे लिहिले, की यादीतील पत्त्यावरून येणाऱ्याला पासवर्ड विचारला जात नाही आणि इतरांना विचारला जातो.

प्रश्न : चाचणी-सर्व्हर व्यवस्थित बंद केला आहे, पण पेमेंट गेटवेकडून येणारी वेबहुकची (व्यवहार होताच आपोआप पाठवली जाणारी) सूचनाही आता आत येत नाही. आणि दुसरे असे की, सर्व्हर इतका बंदिस्त असताना चाचणीसाठी खऱ्या वापरकर्त्यांच्या माहितीची प्रत वापरण्यास काय हरकत आहे?

उत्तर : पहिल्याचे उत्तर थोडक्यात देतो. वेबहुकचा जो एक मार्ग आहे तेवढ्यालाच, तंतोतंत जुळणीने आणि फक्त 'पोस्ट' विनंतीपुरती सूट द्यावी. त्या मार्गाने सुरू होणाऱ्या सर्व पत्त्यांना देऊ नये. सूचनेबरोबर आलेली स्वाक्षरी आणि वेळ तपासल्याशिवाय पुढची एकही ओळ चालवू नये. गेटवे आपल्या सर्व्हरांचे आयपी पत्ते प्रसिद्ध करीत असेल, तर ती यादीही लावावी.

दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. पॅट्रिऑन या कंपनीच्या बाबतीत सप्टेंबर २०१५ च्या अखेरीस काय घडले ते पाहावे. घुसखोरी झाली ती त्यांच्या संकेतस्थळाच्या सार्वजनिकरीत्या दिसणाऱ्या डीबग आवृत्तीतून, आणि त्या विकास-सर्व्हरवर प्रत्यक्ष वापरातील डेटाबेसची प्रत होती, हे कंपनीनेच जाहीर केले. पासवर्ड बीक्रिप्टने हॅश केलेले होते आणि कार्डांचे पूर्ण क्रमांक तेथे साठवलेले नव्हते, म्हणून त्या बाबतीत निभावले. नावे, ईमेल पत्ते आणि काही टपाल-पत्ते मात्र गेले. बंदोबस्त कितीही चांगला असला, तरी एखाद्या रात्री घाईत केलेला बदल तो उघडा पाडू शकतो. त्या रात्री आत काय होते यावर नुकसान ठरते.

खऱ्या नोंदींची नावे बदलून भागेल असेही समजू नये. जन्मतारीख, गाव आणि व्यवसाय तसेच ठेवले, तर माणूस ओळखता येतो. टिपणांच्या रकान्यांत लोकांनी काय काय लिहिलेले असते ते वेगळेच. शक्यतो माहिती कृत्रिमरीत्या तयार करावी, आणि एखादा दोष खऱ्या माहितीवरच उमटत असेल, तर तेवढ्याच मोजक्या नोंदी ओळख पुसून आणाव्यात व काम झाल्यावर काढून टाकाव्यात. खऱ्या ईमेल पत्त्यांचा आणखी एक ताप असतो : चाचणीत दाबलेल्या बटणामुळे शेकडो लोकांना देयकाची सूचना जाते. चाचणी-सर्व्हरचे ईमेल मेलपिटसारख्या साधनात अडकवून ठेवावे, म्हणजे ते आपल्याला वाचता येते आणि बाहेर जात नाही.

चाचणी-सर्व्हर मुख्य डोमेनच्या सबडोमेनवर असेल, तर कुकींकडेही पाहावे. मुख्य संकेतस्थळाने लॉगिनची कुकी संपूर्ण डोमेनसाठी दिली असेल, तर ती प्रत्येक सबडोमेनला जाते. म्हणजे आपल्या सहकाऱ्याने चाचणी-आवृत्ती उघडली, की त्याच्या खऱ्या खात्याची कुकी त्या कच्च्या सर्व्हरच्या हाती पडते. म्हणून चाचणीसाठी वेगळेच डोमेन घेणे मला अधिक पसंत आहे. डेटाबेसचे, गेटवेचे आणि ईमेल सेवेचे पासवर्डही वेगळे असावेत, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

ॲप्लिकेशन लोकांसाठी खुले झाल्यावर चाचणी-सर्व्हर विस्मरणात जातो आणि पुढे कोणी तरी खर्च वाचवण्यासाठी तो बंद करतो. बंद करताना आधी डीएनएसमधील नोंद काढावी आणि मगच सर्व्हर सोडावा. क्रम उलटा झाला आणि नोंद तशीच राहिली, तर तो आयपी पत्ता किंवा त्या सेवेतील ते मोकळे झालेले नाव पुढे ज्याला मिळेल, त्याला आपल्या डोमेनखाली हवे ते पान दाखवता येते आणि त्यासाठी वैध प्रमाणपत्रही घेता येते.